वाईट झाड आधी

मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा ते कॉलेज आमच्याच राज्यात होतं. पदवी हातात पडली तेव्हा ते परराज्यात गेलेलं होतं. मधल्या काळात मी हललो नव्हतो, कॉलेजही हललं नव्हतं. द्विभाषिक मुंबई राज्य मोडलं, महाराष्ट्र झाला, गुजरात झाला आणि तलासरीच्या पलीकडे सरहद्द पडली. डहाणूत पेढे वाटले गेले, ते मीही खाल्ले. त्या पेढ्यांबरोबर माझी पदवीही गिळली गेली, हे मला पुढच्या वर्षी मुंबईत कळलं.

तिकडे शिकायला जाण्याचं कारण फार मोठं नव्हतं. मुंबईला राहायचं तर खोली आली, खाणावळ आली. उत्तरेकडे जाणारी गाडी मात्र सकाळी डहाणूहून न्यायची आणि दिवस मावळायच्या आत परत आणून सोडायची. उरलेल्या उजेडात मला वाडीला पाणी लावता यायचं. वडिलांनी एवढाच हिशेब केला. आमची वाडी समुद्राच्या अंगाला होती. चिकू, मधे मधे नारळ, कडेला मिरची आणि वांगी. कॉलेज एका जुन्या धर्मशाळेत भरायचं. वर आढ्यावर कबुतरं असायची आणि ती कुठल्याही तासाला, कुठल्याही विषयावर आपलं मत खाली सोडायची.

पण शिकवणं वाईट नव्हतं, हे मी आजही भांडून सांगेन. अर्थशास्त्राला एक तरुण प्राध्यापक होते. ते मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र आणायचे आणि त्यात छापून आलेली नव्या कंपन्यांची माहितीपत्रकं आम्हाला वाचायला लावायचे. बाकीची मुलं जांभया द्यायची. मला मात्र त्या बारीक टायपाचं वेडच लागलं. कोणीतरी एक कागद छापतो, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं त्यावर भरवसा ठेवून पैसे देतात, आणि काही वर्षांनी एखाद्या ओसाड माळावर गिरणीची चिमणी उभी राहते. आमच्याकडे भाऊ भावावर भरवसा ठेवत नव्हता. मला हे जादूसारखं वाटायचं, आणि ही जादू आपल्याला यायला पाहिजे असं मी ठरवून टाकलं.

ही जादू करणाऱ्या काही पेढ्या तेव्हा मुंबईच्या फोर्टात होत्या. कंपनीचे शेअर बाजारात आणायचे, आणि लोकांनी घेतले नाहीत तर उरलेले आम्ही घेऊ अशी हमी द्यायची, हा त्यांचा धंदा. त्यांतल्या एका पेढीचं नाव प्राध्यापक नेहमी घ्यायचे. मी परीक्षा पास झाल्यावर सरळ तिथंच गेलो. पितळेच्या कठड्यामागे बसलेल्या कारकुनानं माझं प्रमाणपत्र उजेडाकडे धरलं, कॉलेजाचं नाव वाचलं आणि शेजारच्याला विचारलं, हे कुठं आलं रे? शेजारी म्हणाला, गुजरातेत असेल. मग दोघांनी मिळून मला सांगितलं की त्या राज्याच्या मुलांनी तिथंच बघावं. मी म्हणालो, मी महाराष्ट्रातला, डहाणूचा. त्यावर पहिला म्हणाला, मग शिकायला तिकडे कशाला गेला होतास? या प्रश्नाला मी अजून उत्तर शोधतो आहे.

मी पुन्हा गेलो, पुन्हा तेच झालं. शेवटी तिथल्या म्हाताऱ्या हेडक्लार्कला माझी कीव आली असावी. त्यांनी मला बाहेर जिन्यात नेऊन समजावलं की या पेढीत अर्ज करून कोणी येत नाही. मुंबईतली दोन कॉलेजं ठरलेली आहेत. तिथले प्रिन्सिपॉल नावं सुचवतात, भागीदार मुलांना चहाला बोलावतात, आणि त्या मुलांचे बाप नि भागीदार एकाच जिमखान्यात पत्ते खेळत असल्यामुळे चहाच्या आधीच सगळं ठरलेलं असतं. मग जाता जाता ते म्हणाले, तुम्ही डहाणूचे ना, आमचे मोठे भागीदार तर दर शनिवारी तुमच्याच गावाला असतात. समुद्रावर त्यांचा बंगला आहे.

बंगला मला माहीत होता. सुरूच्या झाडांमागचा, हिरव्या खिडक्यांचा. त्या माणसाला आमच्याकडे सगळे शेठ म्हणत, आणि आमच्या वाडीतले चिकू त्यांच्या घरी जात असत. इतके महिने मी ज्या दाराच्या शोधात मुंबईला खेटे घालत होतो, ते दार आमच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

शेठ सकाळी ओहोटीच्या वाळूवरून फिरायचे. मी एका रविवारी त्यांना गाठलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून सरळच सांगितलं की मला तुमच्या पेढीत काम पाहिजे. त्यांनी चाल कमी केली नाही. कॉलेज कुठलं विचारलं, मी सांगितलं, ते हसले. मग गंमत म्हणून विचारावं तसं विचारलं, माहितीपत्रक कधी वाचलंस का? मी त्या महिन्यात छापून आलेल्या एका साखर कारखान्याचं नाव घेतलं आणि म्हणालो की तो काढणाऱ्या लोकांनी स्वतःच्याच जमिनी अव्वाच्या सव्वा भावानं कंपनीला विकल्या आहेत. ऊस पिको न पिको, त्यांचं पीक निघालेलं आहे. तेव्हा मात्र ते थांबले. पायाशी पाणी आलं तरी थांबलेच. ही गोष्ट तुला कोणी सांगितली, असं विचारलं. मी म्हणालो, त्यातच लिहिलेलं आहे, शेवटच्या पानावर.

पुढचे काही रविवार आम्ही बरोबर चाललो. ते एकेका कंपनीचं नाव काढायचे, मी बोलायचो. इंग्रजी बोलताना माझी गाडी अडायची, मग मी मराठीत घसरायचो, ते गुजरातीत यायचे, आणि दोघांचंही छान चालायचं. दिवाळीच्या आधी ते म्हणाले की तुझ्यासारखा एक मुलगा मला चालेल. फक्त एक अट आहे. आमचा धंदा दुसऱ्यांच्या पैशाचा, त्यामुळे माणूस घेताना मी त्याचं घर बघतो. मुंबईच्या मुलांचे बाप मला माहीत असतात. तुझा बाप मला चिकूपुरताच माहीत आहे. तेव्हा येत्या रविवारी मी तुमच्या वाडीत येतो, तुझ्या बापाशी बोलतो.

त्या आठवड्यात मी जमिनीवर नव्हतो. तलासरीला हायवेलगत एका व्यापाऱ्याची गवताची वखार होती. त्याला जमाखर्चाला शिकलेला माणूस हवा होता आणि त्यानं मला बोलावणं पाठवलं होतं. डोंगरपट्टीतलं गवत कापून आणायचं, दाबून गासड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, असा तो कारभार. मी निरोप्याला हसून परत पाठवलं. आईला म्हणालो, म्हशींच्या चाऱ्याचा हिशेब ठेवायला का मी बी.कॉम. झालो? आई म्हणाली, म्हैस दूध तरी देते. आमच्या घरात मला डोक्यावर घेण्याची पद्धत नव्हती.

आता आमच्या वाड्यांमधली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. झाडावरचा माल मक्त्यानं घ्यायला व्यापारी आला की मालक त्याला वाडीभर फिरवतो. कुठल्याही दुकानदाराचा जीव चांगला माल पुढं करण्यात असतो. आमच्याकडे उलटं. आधी सगळ्यांत वाईट झाड दाखवायचं. याला भुंगा लागला, याला फळ धरत नाही, या ओळीला खारं पाणी चढतं, असं आपल्याच तोंडानं सांगायचं. ओळखीच्या, मानाच्या माणसाला तर हे आवर्जून सांगायचं. ज्यानं खोट लपवली त्याच्या वाडीत पुढच्या वर्षी कोणी पाऊल टाकत नसे. सगळं जग आपला तो बाब्या म्हणतं. आमचे लोक आपल्याच बाब्याचं नाक वाहतं आहे हे आधी दाखवणार, मग भाव बोलणार. माझे वडील तर या बाबतीत पंचक्रोशीत नावाजलेले. त्यांच्या शब्दावर व्यापारी वाडी न बघता मक्ता घ्यायचे.

रविवारी शेठ आले. वडिलांनी धुतलेलं धोतर नेसून त्यांना वाडीत नेलं, मी मागे. पहिल्यांदा विहिरीमागचं ते वठत चाललेलं झाड दाखवलं, मग खाऱ्या ओळी. शेठना मजा वाटत होती. मग वडिलांनी त्यांना जुन्या मोठ्या झाडांखाली नेलं, फांद्या फळांनी वाकलेल्या होत्या, आणि तिथं खाटेवर बसवून नारळाचं पाणी दिलं. शेठ ते प्यायले आणि तोंड पुसून म्हणाले, वाडी बघितली, आता मुलाबद्दल बोल.

वडील उभेच होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"साधाच हाय, शेठ. इंटरला एक डाव आपटला. डोकं तापट हाय, कोणी बोललेलं सोसत नाय. इंग्रजी वाचतो, पण बोलाया गेला की अडतो. कॉलेज पण असं तसंच. तुमी पारखून घ्या."

आणि गप्प झाले.

आता कोणाला खरं वाटणार नाही, पण त्या क्षणी मला आनंद झाला. अभिमान वाटला. म्हणजे वडिलांनी शेठना घरचा माणूस मानलं, मानाच्या व्यापाऱ्याला द्यावा तसा मान दिला, असं मी समजलो. शेठही धंद्यातलेच, त्यांना हे कळणार, एवढी माझी खात्री होती. शेठ हसले, वाडीची तारीफ केली, करंडीभर चिकू घेतले आणि गेले. वडील म्हणाले, माणूस चांगला आहे.

पुढच्या रविवारी मी वाळूवर त्यांची वाट बघत उभा होतो. ते आले आणि फिरता फिरताच म्हणाले की तुझं जमणार नाही. मी विचारलं, का? ते म्हणाले, तुझ्या बापामुळे. मी त्यांना आमची रीत सांगायला लागलो, वाईट झाड, भुंगा, सगळं. माझं बोलणं अडखळत होतं, आणि या खेपेला तर मी मराठीतच बोलत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ती रीत मला कळते," ते म्हणाले. "तीस वरस मी डहाणूचे चिकू खातो. पण तू बघितलं नाही. झाडांची खोट दाखवून झाल्यावर तुझ्या बापानं मला चांगली झाडं पण दाखवली. तुझ्याबद्दल बोलताना तो खोटेवर थांबला. आमचा धंदा हमीचा आहे. तुझी हमी तुझा बाप घेत नाही, मी कशी घेऊ?"

मग माझा चेहरा बघून असेल, त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि गुजरातीतली म्हण ऐकवली, बोले तेना बोर वेचाय. बोलेल त्याची बोरं विकली जातात. हे एवढं तुझ्या बापाला शिकव, असं म्हणून ते पुढे गेले. मी त्यांच्या मागे गेलो नाही. मागे जायला हवं होतं की काय, यावर मी बरीच वर्षं घालवली आहेत.

घरी आलो तेव्हा वडील ओटीवर चिकू पुसत बसले होते. काढलेल्या चिकूवर भुरकट कोंडा असतो, तो घासून काढल्याशिवाय माल बाजारात जात नाही. ते घासत राहिले आणि मी बोलत राहिलो. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. हात दाखवून अवलक्षण केलंत म्हणालो. मुंबईचे बाप आपल्या गाढवांनाही घोडे म्हणून खपवतात आणि तुम्ही मला भुंगा लागलेलं झाड केलंत म्हणालो. चार वर्षं पहाटेची गाडी धरली, कबुतरांखाली बसून शिकलो, त्या माणसानं मला निवडलं होतं, त्यानं निवडलं होतं आणि तुम्ही घालवलंत, असं म्हणालो. आई आतून बाहेर आली आणि परत आत गेली. वडिलांनी एकच विचारलं, शेठ एवढ्यावरून नाही म्हणाले? मी हो म्हणालो. शेठनी त्यांच्या खोटेवर थांबण्याबद्दल जे म्हटलं होतं, ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ते मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याची जुनी सवय, दुसरं काय, असंच मी मनाशी धरून बसलो होतो. राग धरायला तेवढं पुरत होतं आणि त्याखाली बघायची गरज पडत नव्हती.

आठवडाभर आम्ही जेवायला वेगळे बसलो.

शनिवारी वडिलांनी लग्नातला कोट काढला. त्याला कापराचा वास येत होता. वहाणा पुसल्या, डोक्याला टोपी घातली आणि कोणाला काही न सांगता समुद्राच्या बाजूला निघून गेले. आई म्हणाली, बंगल्यावर गेले असतील, आणि देवापाशी जाऊन बसली. मी ओटीवर येरझाऱ्या घालत होतो. खरं सांगायचं तर मला आशा वाटत होती. वडिलांनी सगळ्या आयुष्यात कोणाच्या दारात जाऊन काही मागितलं नव्हतं. ते गेले म्हणजे काहीतरी घेऊनच येणार, असं वाटत होतं, आणि माझा राग तेवढ्यापुरता विरघळलाही होता.

ते परत आले तेव्हा घामाघूम झाले होते. कोट काढून त्यांनी खुंटीला लावला, पाय धुतले, पाणी मागितलं. मी उभाच होतो. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज होतं. जत्रेत पहिल्यांदाच कुस्ती मारून आलेल्या पोरासारखं. शेठनी त्यांना खुर्ची दिली. चहा दिला. त्यांनी शेठना सांगितलं की पोरगा फार हुशार आहे, पंचक्रोशीत असा नाही. स्वभाव शांत आहे. दिलेला शब्द मोडत नाही. चार माणसांत बोलायला उभा राहिला तर साहेबसुद्धा ऐकत बसेल. हाताखालची माणसं सांभाळील, मोठ्या कामाला मागे हटणार नाही. कष्टाळू तर आहेच. असं बरंच. मी ऐकत होतो. माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून हे असं मी कधीच ऐकलं नव्हतं. वाटलं, नोकरी मिळो न मिळो, हे ऐकायला मिळालं.

मी विचारलं, शेठ काय म्हणाले?

"म्हणाले, हे त्या दिवशी सांगायचं होतंस. आता जागा भरली. त्या मुंबईच्या कॉलेजातला पोरगा घेतला." वडिलांनी तांब्या खाली ठेवला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. एरवी ते असं कधी करत नसत. "पण शेठना सगळं पटलं बघ. एक शब्द खोटा वाटला नाय त्यांना. आयुष्यात मी मालाबद्दल कुणाजवळ खोटं बोललो नव्हतो. तुझ्यासाठी बोललो."

त्यांचा हात बराच वेळ खांद्यावर होता. त्यांना वाटत होतं की आता तरी माझा राग गेला असेल, आणि ते माझ्याकडे तसेच बघत होते, मायेनं. आई आतून म्हणाली, जेवायला या दोघं. आम्ही जेवायला बसलो. एका ओळीत बसलो.

सोमवारी सकाळच्या एस.टी.नं मी तलासरीला गेलो. वखारीत गवताच्या गंज्या आढ्यापर्यंत गेल्या होत्या, आणि झरी गावाकडून आलेली माणसं गासड्या उचलून ट्रकात टाकत होती. मालक खाटेवर बसला होता. त्यानं मला आधी हाकललेल्या निरोप्याची आठवण करून दिली, थोडा वेळ मला उभं ठेवलं, ते त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मग म्हणाला की काम उद्यापासून धर. हिशेबाचं काम आहे, तेव्हा चांगल्या माणसाची ओळख लागते, पण तुझ्या बापाला मी ओळखतो, त्याच्यासारखा खरं बोलणारा माणूस या बाजूला नाही. डहाणूच्या बाजाराला आलो की तुझ्याबद्दल त्यालाच विचारून घेईन.

मी म्हणालो, दुसऱ्या कोणालाही विचारा. त्यांना विचारू नका.